दिवसाची आंधळी

चौसाळ्याच्या शिवारात बंकट आप्पा गडद्यांच्या मेंढरांच्या खांडात काही कोकरं दिवसा आंधळी असतात आणि दिवस मावळला की डोळस होतात, हे सुकन्याला तिच्या वडिलांनी सांगितलं तेव्हा तिला ती थट्टाच वाटली. पण हनुमान मोटे थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांनी लसी टोचल्या होत्या, अडलेल्या गाई मोकळ्या केल्या होत्या, आणि ते नुकतेच निवृत्त होऊन गेवराईच्या घरी बसले होते.

"मी डोळ्यानं बघितलंय," ते म्हणाले. "तुला विषय मिळत नव्हता ना? चल माझ्यासोबत."

सुकन्या विद्यापीठात आनुवंशिकीत पीएच.डी. करत होती. दीड वर्ष झालं तरी विषय पक्का झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी बापलेक मोटरसायकलवर निघाले आणि बीड ओलांडून, मांजरसुंब्याचा घाट चढून अकराच्या सुमाराला आप्पांच्या खांडापाशी पोचले.

माघ संपत आला होता, पण ऊन कडक होतं. खांड पडीक रानात चरायला सोडलेलं. त्यातली तीन कोकरं एकाच जागी उभी होती. एकानं पाऊल टाकलं आणि ते सरळ पाण्याच्या डोणीवर जाऊन आदळलं. मागं सरलं, मान वाकडी केली, पुन्हा आदळलं. डोळे स्वच्छ होते. फूल पडलेलं नव्हतं, पाणी गळत नव्हतं.

"औषध हाय का तुमच्यापाशी?" आप्पांनी विचारलं. साठीतला उंच, काटक माणूस. मिशा पांढऱ्या, पागोटं लाल.

"अजून नाही," सुकन्या म्हणाली.

"मग कावून आल्या?"

"बघायला. संध्याकाळपर्यंत थांबू का?"

आप्पांनी खांदे उडवले. आप्पांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, भाकरी आणि ठेचा दिला. दिवस मावळला, मेंढरं जाळीच्या वाघुरात कोंडली, आणि अंधूक उजेडात तीच तीन कोकरं इतर कोकरांच्या मागं उड्या मारत पळू लागली. एकानं तर वाटेतला दगड नेमका चुकवला. रातांधळेपणा सुकन्यानं ऐकला होता. हे बरोबर उलटं होतं.

तिला एक कोकरू जवळून बघायचं होतं. वाघुराबाहेर एक तरुण बाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. सुकन्यानं तिला हाक मारली, "ताई, जरा धरता का याला?"

"तिला न्हाई!" आप्पा ओरडले. "परमेश्वर, तू धर."

आप्पांचा मुलगा परमेश्वर मुकाट्यानं पुढं आला. घागर घेतलेली बाई त्याची बायको होती, राजनंदिनी. तिनं घागर जागेवरच ठेवली आणि मागं फिरली. सत्यभामाबाई खाली बघत राहिल्या.

परतताना हनुमानरावांनी गाडी चालवत सांगितलं, "चार वर्षांपूर्वी ती सून आली. त्याच साली पहिलं आंधळं कोकरू जन्मलं. मग दरसाल होतंय. लोक म्हणतात, पायगुण. तिला वाघुरात पाऊल टाकू देत नाहीत. ती स्वतः धनगराची लेक, कोकरं सांभाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही असं तिच्या माहेरी म्हणतात. आणि इथं ती लोकांच्या कापसात रोजानं जाते."

सुकन्या म्हणाली, "बाबा, हाच विषय."

*

तिचे मार्गदर्शक डॉ. कुलथे यांना विषय आवडला नाही.

"हे पोषणाचं प्रकरण आहे," ते म्हणाले. "जीवनसत्त्व अ कमी पडलं की डोळे जातात. त्याला आनुवंशिकी कशाला लागते?"

"सर, त्यानं रात्रीचं दिसत नाही. यांना दिवसाचं दिसत नाही. डोळ्यात उजेडाच्या पेशी वेगळ्या आणि अंधाराच्या वेगळ्या. यांच्या उजेडाच्या पेशी काम करत नसाव्यात. बाहेरच्या देशातल्या मेंढ्यांत असा आजार सापडलाय, तो जनुकातल्या बिघाडानं होतो."

"बाहेरच्या देशातल्या मेंढ्या आणि चौसाळ्याच्या मेंढ्या यांचा संबंध काय? आधी पोषण नाही हे सिद्ध कर. तीन महिने देतो."

सुकन्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. सरांचं म्हणणं तपासायला हवंच होतं. तिनं त्या हंगामातली सगळी कोकरं मोजली. एकाहत्तर होती. वाघुराजवळच्या सपाट जागेत कडब्याच्या पेंढ्या उभ्या-आडव्या रचून एक वाकडी वाट केली. एका टोकाला कोकरू, दुसऱ्या टोकाला त्याची आई. भर दुपारी एकदा आणि दिवस मावळल्यावर एकदा, प्रत्येक कोकराला त्या वाटेनं सोडायचं आणि मोबाइलवर वेळ मोजायची.

चौसाळ्याची माणसं गंमत बघायला जमली. "शाळा काढली की काय बे कोकरांची?" एक जण म्हणाला. आप्पाही मिशीत हसले. पण तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं, कारण निकाल सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. बासष्ट कोकरं दोन्ही वेळा सरळ आईकडं जात. नऊ कोकरं दुपारी पेंढ्यांवर आदळत आणि संध्याकाळी बाकीच्यांइतक्याच वेळात पोचत.

नऊपैकी पाच कोकरांना हनुमानरावांनी सहा आठवडे जीवनसत्त्व दिलं, चारांना दिलं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा वाट मांडली. पाचही तशीच आदळली. पोषण नव्हे, हे कागदावर आलं.

आता वंशावळ हवी होती. कुठल्या कोकराची आई कोण, तिची आई कोण, बाप कोण. सुकन्यानं आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "आमी काय लिहून ठेवतो व्हय? मेंढरं ती मेंढरं."

"मला इचार," सत्यभामाबाई मागून म्हणाल्या.

सुकन्यानं घोंगडीवर मोठा कागद पसरला. "मावशी, मी नराला चौकोन काढते, मादीला गोल. आंधळं असलं की तो आतून काळा करायचा."

सत्यभामाबाईंना अक्षर ओळख नव्हती. पण तासाभरात त्या कागदावर बोट ठेवून बोलू लागल्या. "ही टिकली. टिकलीची दोन, ही बांडी आन् ही भुरी. भुरी पहिलारू झाली तवा तिला नर झाला, तो इकला. न्हाई, न्हाई, ही चांदीची न्हाई, खोड ते. चांदीचं कोकरू त्या साली लांडग्यानं नेलं. ही मोरीची." नाव, रंग, कानाचा आकार, कोणत्या रानात व्याली, पाऊस होता का नव्हता, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. सुकन्या तीन दिवस लिहीत होती. सात वर्षांची मेंढरं कागदावर उतरली.

तिसऱ्या दिवशी चार वर्षांतले एकतीस काळे ठिपके एका नजरेत दिसले. त्या काळात खांडात अडीचशेच्या आसपास कोकरं जन्मली होती. म्हणजे आठात एक. एकतीसही ठिपक्यांच्या वर एकच चौकोन होता, सरदार नावाचा मेंढा. आणि एकतीसही कोकरांच्या आया सरदारच्याच लेकी होत्या.

"सरदार कधी आणला मावशी?"

"सात वर्सं झाली. आप्पा बाजारातून घेऊन आल्ते. लई देखणा, शिंगं अशी वळलेली. लोक बघायला यायचे. आमच्या लगीनघरात नवरदेवाला न्हाई एवढा मान त्याला."

"आणि पहिलं आंधळं कोकरू?"

"हे बांडीचं. ती भादव्यात व्याली." बाईंचं बोट ठिपक्यावर थांबलं. "सून आली वैशाखात. चार महिन्यांनी..."

त्या बोलता बोलता थांबल्या. बोट तिथंच राहिलं. सुकन्याला आधी वाटलं, त्यांना काही आठवेनासं झालं.

"मेंढी पाच महिने गाभण ऱ्हाती," सत्यभामाबाई सावकाश म्हणाल्या. "बांडी चैतात गाभण हुती. माझ्या हातानं मी तिला पेंड चारली. म्हंजी सून नंदा आपल्या घरात यायच्या आधीच ते कोकरू बांडीच्या पोटात हुतं."

परमेश्वर दोरी वळत बसला होता, त्याचे हात थांबले. आप्पा थोड्या अंतरावर चिलीम भरत होते. त्यांनी ऐकलं होतं.

"सुपारी माघात फुटली हुती," ते न वळता म्हणाले. "तवाच ती आमची झाली."

"मग तुमचा सरदार त्याच्याबी आधी आमचा झाला!" सत्यभामाबाई म्हणाल्या. इतकं तडक उत्तर त्यांनी नवऱ्याला याआधी दिलं असेल असं कुणाच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

आप्पा उठून निघून गेले.

*

संध्याकाळी राजनंदिनी रस्त्यापर्यंत सुकन्याच्या मागं आली. ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती.

"ताई, हे पाच महिन्याचं मी कवाच मोजलं हुतं," ती म्हणाली. "पैल्याच साली. नवऱ्याला सांगितलं. ते म्हनले, आप्पापुढं कोन बोलनार."

"मला का नाही सांगितलंस?"

"माज्या तोंडातून निघालं असतं तर बहाना झाला असता. आत्याबाईच्या तोंडातून निघालं ते बरं झालं. पन तेवढ्यानं भागनार न्हाई. तुमी रगतातून काढा. उत्तर काय बी येऊ द्या, पन पक्कं येऊ द्या. माझ्यामुळं असलं तर तसं सांगा."

"तुझ्यामुळं असूच शकत नाही, राजनंदिनी."

"मला म्हाईत हाय. त्यांना म्हाईत व्हायला पायजे."

रक्त काढायच्या दिवशी ती रोजाला गेली नाही. सकाळी पदर खोचून वाघुराच्या तोंडाशी उभी राहिली आणि आप्पा काही म्हणायच्या आत आत शिरली. सत्यभामाबाई तिच्या पाठोपाठ आत गेल्या. सासू-सून दोघी आत गेल्यावर आप्पांना ओरडायला जागा राहिली नाही.

राजनंदिनी मेंढी अशी धरी की मान वर, पाय गुडघ्यांत, आणि मेंढी निमूट. हनुमानराव मानेच्या शिरेतून रक्त घेत, सुकन्या नळीवर क्रमांक लिही. दुपारपर्यंत नव्वद नळ्या भरल्या.

"सरदार?" हनुमानरावांनी विचारलं.

"त्याला सुई लागायची न्हाई," आप्पा म्हणाले. "बाकी खांड घ्या. सरदारला हात लावायचा न्हाई."

त्या नव्वद नळ्या वाया गेल्या. दोष सुकन्याचाच होता. थर्माकोलच्या पेटीत बर्फ तिनं नेहमीच्या प्रवासापुरताच भरला होता; बीडच्या पुढं महामार्गावर अपघात होऊन वाहतूक तुंबली, एसटी सात तास उभी राहिली, आणि विद्यापीठात पोचेपर्यंत पेटीत कोमट पाणी होतं. बहुतेक नळ्यांतलं रक्त नासलं होतं. त्यातून जो डीएनए निघाला तो तुकडे तुकडे झालेला.

तिनं वडिलांना फोन केला. रडू आलं होतं, पण फोनवर रडली नाही.

"बाबा, परत काढावं लागेल."

"काढू की. मेंढरांच्या अंगात रक्ताला काय तोटा आहे," हनुमानराव म्हणाले. "या खेपेला बर्फ मी बघतो."

दुसऱ्यांदा गेल्यावर आप्पा चिडतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "शिकल्या-सवरल्यांच्याबी हातून सांडतं म्हना," आणि स्वतः मेंढ्या हाकून दिल्या. सरदारला मात्र लांब बाभळीला बांधून ठेवलं होतं.

परदेशी मेंढ्यांत त्या एका जनुकात दोन बिघाड सापडलेले होते. सुकन्यानं तेच दोन आधी तपासले. नऊही आंधळ्या कोकरांत दोन्ही जागा ठणठणीत निघाल्या.

"झालं," कुलथे सर म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. "प्रामाणिक प्रयत्न केलास. आता सोयाबीनवर ये. तयार नमुने आहेत, दोन वर्षांत प्रबंध होईल."

"सर, मी फक्त दोन जागा बघितल्यात. जनुक लांब आहे."

"आणि त्या जनुकात नसलंच तर? दुसरं जनुक, मग तिसरं? तुझी फेलोशिप संपत आली आहे, सुकन्या."

"असेल तर इथंच असेल सर. लक्षणं तंतोतंत तीच आहेत. मला दिवाळीपर्यंत द्या. नाही सापडलं तर सोयाबीन."

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले.

ती जनुकाचा एकेक तुकडा घेऊन वाचू लागली. तुकडा वेगळा काढायचा, त्याच्या लाखो प्रती करायच्या, त्यातली अक्षरं वाचून घ्यायची, मग आंधळ्या कोकराची अक्षरं आणि डोळस कोकराची अक्षरं ओळीखाली ओळ मांडायची. जुलैत तीन तुकडे झाले. काही नाही. ऑगस्टमध्ये एक तुकडा निघेचना. बारा वेळा निघाला नाही, तेराव्या वेळी तापमान दोन अंशांनी उतरवलं आणि निघाला. त्यातही काही नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी तिला "मेंढपाळ" म्हणू लागल्या होत्या. राजनंदिनीचा दर आठवड्याला फोन यायचा. ती "सापडलं का" असं विचारत नसे. "कितवा चालू हाय?" एवढंच विचारी.

सप्टेंबरच्या शेवटी, सातव्या तुकड्यात, एका जागी डोळस कोकरांत एक अक्षर होतं आणि आंधळ्यांत दुसरं. अक्षर एकच, पण ते वाक्यात अध्येमध्ये पूर्णविराम पडावा तसं होतं. त्याच्यापुढं प्रथिन बनतच नव्हतं. सुकन्यानं पहिलं आंधळं कोकरू बघितलं, दुसरं बघितलं, नवव्यापर्यंत गेली. नऊही सारखी. दोन्ही प्रती बिघडलेल्या. डोळस बासष्टांपैकी एकातही दोन्ही बिघडलेल्या नव्हत्या. आंधळ्या कोकरांच्या नऊ आया बघितल्या. प्रत्येकीत एक प्रत चांगली, एक बिघडलेली.

तिनं कागद सरांपुढं ठेवला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"मेंढा?" त्यांनी विचारलं.

"त्याचं रक्त नाही देत ते."

"मग त्या मेंढपाळाला सांग, की मेंढ्याच्या रक्ताची गरज नाही."

*

सुकन्या खांडापाशी गेली तेव्हा आप्पा सरदारला पेंड चारत होते.

"आप्पा, आजार सापडला. कुणाच्या नजरेचा नाही, पायगुणाचा नाही. रक्तातला आहे. कोकराला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच ते दिवसाचं आंधळं होतं. एकच बिघडलेली असली तर जनावर ठणठणीत राहतं. त्याला काहीच होत नाही."

"सरदार ठणठणीतच हाय."

"हो. पण नऊ आंधळ्या कोकरांनी दुसरी बिघडलेली प्रत कुठून आणली? बाप एकच आहे. आप्पा, तुम्ही सरदारचं रक्त दिलं नाही तरी त्याच्या लेकरांच्या रक्तात तो आहेच. मला त्याला सुई लावायची गरज उरली नाही."

आप्पांनी सरदारच्या शिंगांवरून हात फिरवला.

"लेकरांच्या मागून बापाला चोर ठरवायचं," ते म्हणाले. "हे बरं न्हाई. घ्यायचं तर त्याचंच घ्या. समोरून घ्या." त्यांनी स्वतः सरदारची मान धरली. हनुमानरावांनी सुई लावली तेव्हा आप्पांनीच डोळे मिटले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. सरदारमध्ये एक प्रत चांगली, एक बिघडलेली. सुकन्या तो कागद घेऊन आली. सगळे वाघुराबाहेर बसले होते. तिनं वाचलं आणि आप्पांकडं बघितलं.

"म्हंजी मीच आनलं घरात," आप्पा म्हणाले. "बाजारातून हौसेनं."

"तुम्हाला कसं कळणार होतं? कुणालाच कळलं नसतं."

आप्पा उठले. सुनेच्या समोर गेले, पण तिच्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापास्नं कोकरं तू बघ."

सत्यभामाबाईंनी सुस्कारा सोडला. परमेश्वरनं मान वर केली. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

"उद्यापास्नं न्हाई, मामंजी," राजनंदिनी म्हणाली. शब्द एकेक स्पष्ट. "पायगुनाचं तुमी बोलला हुता ते चार मानसांत बोलला हुता. कातरनीला. माज्या माहेरचे पावने बसले हुते. आता चार मानसांतच सांगा. मग मी वाघुरात येते."

"अगं पोरी—" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, मी चार वर्सं लोकाच्या रानात गेले. कुनाच्या घरी बारसं असलं तर मला बलावत न्हाईत. घरात सांगून ते फिटत न्हाई."

परमेश्वर उभा राहिला. "ती म्हनती ते खरं हाय, आप्पा," तो म्हणाला. त्याला याहून जास्त बोलता आलं नाही, पण तो बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

आप्पा निघून गेले, आणि चार दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

कातरणी दिवाळीनंतर होती. लोकर कातरायला आसपासच्या खांडांतली वीस-पंचवीस माणसं जमली, राजनंदिनीचे वडीलही आले होते. आप्पांनीच त्यांना निरोप धाडला होता. सुकन्या आणि हनुमानरावही होते. जेवणं झाली आणि आप्पा उभे राहिले. पागोटं काढून हातात घेतलं.

"मंडळी, याच जाग्यावर मी एक गोष्ट बोललो हुतो," ते म्हणाले. "सुनेच्या पायगुनानं कोकरं आंधळी व्हायलीत म्हनून. ते खोटं हुतं. आजार माज्या सरदारच्या रगतात हाय. ह्या पोरीनं शोधून काढला. सरदार मी आनला. सून यायच्या आधी तीन वर्सं आनला." ते व्याह्यांकडं वळले. "याह्यांपुढं सांगतो, तुमच्या लेकीचा काय बी दोष नव्हता. बोलनारा मी चुकलो."

राजनंदिनीचे वडील उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या हातातलं पागोटं घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवलं. राजनंदिनी बायकांत बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि सगळ्यांदेखत वाघुरात गेली.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "मग आता समद्या मेंढ्या इकाव्या लागतील का?"

"नाही," सुकन्या म्हणाली. "एकही विकू नका. मेंढीत बिघाड असू द्या, मेंढा चांगला असला की कोकरू आंधळं होणार नाही. फक्त मेंढा रक्त तपासून घ्या."

सरदारला त्याच आठवड्यात हनुमानरावांनी आप्पांच्या सांगण्यावरून खच्ची केलं. त्याला विकायचं मात्र आप्पांनी नाकारलं. चार मेंढ्यांचं रक्त तपासून त्यांतला एक निर्दोष मेंढा खांडात आला.

*

त्या मेंढ्याची पहिली कोकरं पुढच्या वर्षी झाली. चौसष्ट. राजनंदिनीनं पेंढ्यांची वाट स्वतः मांडली आणि सुकन्याला फोन केला.

"ताई, त्रेसष्ट चांगली हायत. एक आंधळं हाय."

प्रबंधाचा शेवटचा भाग सुकन्यानं लिहायला घेतला होता. निर्दोष मेंढ्याचं कोकरू आंधळं होऊच शकत नव्हतं. एवढ्या एका कोकरानं सगळं पुसलं जात होतं.

"आई कोण त्याची?" तिनं विचारलं.

"त्येच सांगाया फोन केला. भुरीची लेक. आत्याबाई म्हनत्यात, पावसाळ्यात ती आठ दिवस हुकली हुती. म्हाळू तात्याच्या खांडात सापडली. तिथला मेंढा सरदारचाच ल्योक हाय, आमीच दिला हुता."

सुकन्यानं त्या कोकराचं रक्त मागवून बघितलं. बाप आप्पांचा नवा मेंढा नव्हता. तिनं ते जसंच्या तसं प्रबंधात लिहिलं. कुलथे सरांनी तो मजकूर वाचून समासात फक्त एक खूण केली, आणि वंशावळीच्या तक्त्याखाली सत्यभामा बंकट गडदे हे नाव पाहून म्हणाले, "शोधनिबंधातही घाल. माहिती त्यांची आहे."

म्हाळू तात्यांचं खांड लिंबागणेशच्या वाटेवर होतं. सुकन्या वडिलांसोबत तिथं पोचली तेव्हा राजनंदिनी आधीच येऊन बांधावर बसली होती. शेजारी बर्फाची पेटी, नळ्यांचा डबा, वही. नळ्यांवर क्रमांक घालून ठेवलेले.

"म्हाळू तात्या न्हाई म्हनतेत," ती म्हणाली. "मेंढा कुठंतरी लपवून ठिवलाय. म्हनतेत, माज्या घरात असलं काय न्हाई."

"मला उद्या विद्यापीठात हजर व्हायचंय. परत कधी यायचं?"

"तुमी जावा. तुमच्या बाबांना तेवढं इथं ठिवा, सुई त्यांनी लावायची. मी हाय." राजनंदिनीनं खांडाकडं बघितलं. लांबवर म्हाळू तात्या काठी टेकून उभे होते, पाठ फिरवलेली. "आज न्हाई म्हनले. उद्या यीन. उद्याबी न्हाई म्हनले तर परवा यीन. त्यांची सून घरात येऊन तिसरा महिना चालू हाय, ताई. तिच्यावर आळ यायच्या आत हे व्हायला पायजे."

ती उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि पेटी उचलून म्हाळू तात्यांच्या दिशेनं चालू लागली.